मागच्या सीटवरून निवडलेली मोटारसायकल

बेळगाव ते निपाणी अंतर साधारण ७५ किलोमीटर. निपाणीपासून कोल्हापूर आणखी ४०. एवढ्या टापूतच माझी जवळची सगळी माणसं राहतात. मी आणि बायको बेळगावात वडगावला, आई-बाबा निपाणीत, आत्या कागलला आणि ताई लग्न होऊन गडहिंग्लजला. नकाशात पाहिलं तर हे दोन राज्यांत विभागलेलं कुटुंब आहे. आमच्या दृष्टीनं मात्र सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल एवढाच हा पसारा.

हिंजवडीत सहा वर्षं नोकरी करून मी बेळगावला परतलो, त्याला आता चार वर्षं होतील. आठवड्यातले तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घरून काम, आणि जवळजवळ प्रत्येक रविवारी निपाणी. कॉलेजपासून वापरलेली १२५ सीसीची गाडी शहरात अजूनही मस्त चालते. पण दोघं बसून तवंदीचा घाट चढायचा म्हटलं की तिला धाप लागते. म्हणून गेल्या वर्षी ठरवलं, मधल्या आकाराची, जुन्या वळणाची मोटारसायकल घ्यायची. मंडळातल्या तीन-चार मित्रांनी हल्लीच 'कुठली घेऊ रे?' म्हणून विचारलं, म्हणून हा सगळा हिशेब एकत्र लिहून काढतोय.

मग चारचाकी का नाही?

हा प्रश्न सगळ्यात आधी सासूबाईंनी विचारला होता. उत्तर दोन भागांत आहे. वडगावात आमच्या गल्लीत गाडी लावायला जागा नाही, हा पहिला भाग. दुसरा भाग म्हणजे बाबा. त्यांना बंद गाडी लागते. कोल्हापूरपर्यंत कारमधून नेलं की उतरल्यावर अर्धा तास बसावं लागतं. मोटारसायकलवर मात्र वारा लागत असल्यामुळे ते तरतरीत असतात.

बाबा ६८ वर्षांचे. निपाणीत तंबाखूच्या वखारीत हिशेबनीस म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. आता त्यांना काचबिंदू आहे आणि दर तीन महिन्यांनी कोल्हापूरला डोळ्यांचा दाब तपासावा लागतो. ही तपासणी चुकवून चालत नाही, कारण काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. एरवी ते बसने जायचे. पण सीमाभागातली बस ही फार भरवशाची गोष्ट नाही. २०२१ मध्ये कोगनोळीच्या नाक्यावर कोरोनाचा आरटीपीसीआर अहवाल दाखवल्याशिवाय कर्नाटकात प्रवेश नव्हता. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न तापला आणि बससेवा थांबल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ एका बसवाहकाला झालेल्या मारहाणीवरून पुन्हा वाद पेटला आणि पुन्हा बस बंद. नेमक्या त्याच आठवड्यात बाबांची तपासणी होती. शेवटी शेजाऱ्यांची कार मागून ते गेले, पण त्या चार दिवसांत आईच्या जिवाला जो घोर लागला होता तो मी फोनवर ऐकत होतो.

म्हणजे मला हवी होती ती गाडी रोज ऑफिसला नेण्याजोगी, वर्षातून दोन-चार वेळा घाट उतरून गोव्याला किंवा कोकणात नेण्याजोगी, आणि एरवी ६८ वर्षांच्या माणसाला मागे बसवून सुखरूप कोल्हापूरला पोहोचवणारी.

जुनं रूप, नवं पोट

'रेट्रो' म्हणजे दिसायला आजोबांच्या काळातली आणि आतून आजची. गोल हेडलाइट, थेंबाच्या आकाराची टाकी, सरळ पाठीनं बसायची ठेवण. पण कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन, आणि १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या गाड्यांना आता सक्तीचं असलेलं एबीएस. एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर तर जुनी इंजिनं तशीच विकणं शक्यच राहिलं नाही.

आपल्या भागात या रूपाचं आकर्षण का आहे, ते बाबांकडून कळलं. त्यांच्या तरुणपणी निपाणीत तंबाखूचे व्यापारी येझदीवर किंवा राजदूतवर फिरायचे आणि बुलेट असायची ती फौजदाराकडे किंवा एखाद्या पाटलाकडे. जावा आणि नंतर येझदी या गाड्या म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात तयार व्हायच्या. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. बुलेट मद्रासची. १९५५ मध्ये तिथे एन्फिल्ड इंडिया सुरू झाली. पुढे बुलेटचा डिझेलवर चालणारा भाऊही आला, 'टॉरस' नावाचा. आवाज ट्रॅक्टरसारखा, पण डिझेल बेताचं प्यायचा, म्हणून शेतकऱ्यांना आवडायचा.

आता ही सगळी नावं परत आली आहेत. जावा २०१८ च्या अखेरीस आणि येझदी २०२२ मध्ये पुन्हा बाजारात उतरली. २०२० मध्ये होंडाची हायनेस सीबी ३५० आली. २०२१ मध्ये रॉयल एन्फिल्डची क्लासिक ३५० नव्या इंजिनासह आली. २०२३ मध्ये ट्रायम्फची स्पीड ४०० आली. नाव इंग्रजी, पण तयार होते आपल्या चाकणला, बजाजच्या कारखान्यात.

शोरूममधली टेस्ट राइड म्हणजे दोन किलोमीटरची चक्कर. त्यातून फक्त आवाज कळतो. म्हणून मी मित्रांच्या गाड्या एकेका रविवारी मागून घेतल्या, टाकी भरून परत द्यायच्या बोलीवर. क्लासिक, हायनेस, स्पीड आणि मावसभावाची येझदी रोडस्टर. चारही गाड्या माझ्या नेहमीच्या तीन रस्त्यांवर चालवून पाहिल्या.

पहिला रस्ता: वडगाव ते नेहरूनगर

हे जेमतेम सात किलोमीटर आहेत. पण नाथ पै चौक, कपिलेश्वरचा उड्डाणपूल, बाजारपेठेची गर्दी आणि चन्नम्मा चौकाचा सिग्नल या सगळ्यातून सकाळी साडेनऊला जायचं म्हणजे क्लच धरून धरून डावा हात भरून येतो. इथे अश्वशक्तीला कोणी विचारत नाही. इथे वजन महत्त्वाचं. क्लासिक १९५ किलोची, हायनेस १८१ किलोची आणि स्पीड १७५ च्या आसपास. चौदा-वीस किलोंचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. गल्लीत गाडी मागे ढकलून वळवताना मात्र तो मनगटाला कळतो.

दुसरी गोष्ट सीटची उंची. या सगळ्या गाड्यांची सीट ८०० मिलिमीटरच्या आसपास आहे. माझी उंची पाच फूट सहा इंच. दोन्ही पाय टेकतात. मागे माणूस बसल्यावर, पावसात, उतारावर पाय टेकला पाहिजे, हे मी स्वतःशी पक्कं ठरवलं होतं. ज्यांची उंची कमी आहे त्यांनी आकडा वाचण्यापेक्षा मागे कोणालातरी बसवून उभं राहून बघावं. सीटची रुंदीही आड येते, नुसती उंची नाही.

शहरापुरता निकाल असा: हलकी गाडी बरी. हा गुण हायनेस आणि स्पीडला.

दुसरा रस्ता: बेळगाव ते निपाणी, आणि पुढे

जुना एनएच ४, आताचा ४८. काकती मागे पडलं की शहर संपतं. वंटमुरीचा घाट, यमकनमर्डी, हत्तरगीचा टोलनाका, मग हिरण्यकेशी ओलांडून संकेश्वर. पुढे कणगला आणि तवंदीचा घाट. घाट उतरताना डाव्या-उजव्या हाताला डोंगर मोकळा होतो, स्तवनिधीचं जैन तीर्थक्षेत्र येतं, आणि खाली निपाणी दिसायला लागते.

बाबांसाठी हा नुसता रस्ता नाही. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी याच महामार्गावर निपाणीजवळ ठाण मांडलं होतं. बैलगाड्या रस्त्यावर, चुली रस्त्यावर. एप्रिलमध्ये पोलिसांनी गोळीबार केला आणि शेतकरी बळी पडले. बाबा तेव्हा चोवीस वर्षांचे, वखारीत नुकतेच लागलेले. आजही त्या ठिकाणावरून जाताना ते मागून माझ्या खांद्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, "हळू घे रे जरा."

त्यांच्या या 'हळू घे'मुळेच माझा निम्मा प्रश्न सुटला. स्पीड ४०० ची ताकद ४० पीएस. क्लासिक आणि हायनेसची त्याच्या जवळपास निम्मी. एकट्यानं चालवताना स्पीडची मजा काही औरच, ती शंभरच्या पुढेही हसत पळते. पण चौपदरी महामार्गावर दुचाकीची कमाल वेगमर्यादाच ८० आहे, आणि बाबा मागे असताना मी ७० च्या वर जात नाही. त्या वेगाला वीस अश्वशक्ती पुरून उरते. जास्तीची ताकद मी कधी वापरणार, याचा हिशेब केला तर वर्षातले पाच-सहा दिवस.

वारंवार कामाला येणाऱ्या गोष्टी वेगळ्याच निघाल्या. एक म्हणजे चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये ५० च्या वेगावरून गिअर न बदलता ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरला ओलांडता येणं. हंगामात संकेश्वर ते निपाणी पट्ट्यात दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर ओळीनं असतात. इथे लागतो तो टॉर्क, म्हणजे कमी फेऱ्यांवरची ओढ. क्लासिकचा टॉर्क २७ न्यूटन-मीटर, हायनेसचा ३०. दोघीही इंजिन न ओरडवता पुढे जातात.

दुसरी गोष्ट चाकं. जुन्या रूपाच्या गाडीला तारांची चाकं शोभून दिसतात यात वाद नाही. पण सर्वसाधारणपणे तारांच्या चाकात ट्यूब असते. पंक्चर झालं की चाक खोला, ट्यूब काढा. अलॉय चाकात ट्यूबलेस टायर बसतो. खिळा काढून, दोरी भरून, हवा मारून दहा मिनिटांत पुढे. निपाणीतल्या आमच्या ओळखीच्या मिस्त्रींनी हे एका वाक्यात सांगितलं, "दिसायला सगळ्याच चांगल्या असतात की हो. हत्तरगीच्या पुढं पंक्चर झाली की मग कळतंय." बाबांना भर उन्हात रस्त्याकडेला तासभर बसवायचं नसेल तर शोभेवर पाणी सोडावं लागणार, हे तिथेच ठरलं.

निपाणीतून पुढे यमगर्णीला वेदगंगा, मग सौंदलगा, कोगनोळी आणि दूधगंगा ओलांडून कागल. २०१९ आणि २०२१ च्या पुरात यमगर्णीजवळ पाणी आलं आणि महामार्ग बंद पडला होता. त्यामुळे जुलै-ऑगस्टमधली तपासणी आम्ही गाडीच्या भरवशावर ठेवत नाही, पाऊस बघून तारीख पुढेमागे करून घेतो. एक गंमत सांगायची तर पेट्रोल कर्नाटकात थोडं स्वस्त पडतं, त्यामुळे कोल्हापूरकडून येणारे बरेच जण निपाणीत टाकी भरतात. आणि टोलनाक्यावर दुचाकीला टोल नाही. सगळ्यात डावीकडच्या वाटेनं निमूट निघून जायचं.

तिसरा रस्ता: घाट

बेळगावकरांचं भाग्य असं की कुठल्याही दिशेनं पश्चिमेला निघालं की घाटच लागतो. जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे. शिनोळी, चंदगडवरून आंबोली, जिथे हिरण्यकेशी उगम पावते. तीच पुढे आजरा, गडहिंग्लजवरून येऊन संकेश्वरला आपल्याला भेटते. खानापूर, लोंढ्यावरून अनमोड. आणि निपाणीकरांना मुदाळ तिट्टा, राधानगरी, दाजीपूरवरून फोंडा घाट. निपाणीहून थेट देवगडला जाणारा तो रस्ता.

चोर्ल्याला मी दोन गाड्या नेल्या, येझदी आणि क्लासिक. येझदीचं इंजिन ३३४ सीसीचं, पाण्यानं थंड होणारं, चढावर झपकन उसळी घेणारं. मावसभाऊ तिच्यावर का खूश आहे ते पहिल्या तीन वळणांतच कळलं. क्लासिक तिथे संथ. पण उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये टाकून सोडली की ती इंजिनानंच स्वतःला आवरते, ब्रेक फारसा दाबावा लागत नाही. ओल्या रस्त्यावर, झाडाखालच्या शेवाळावर ते फार कामाचं. दोन्ही चाकांना एबीएस हवंच, हे आंबोलीचा पाऊस पाहिलेल्या कोणालाही वेगळं सांगायला नको. काही स्वस्त मॉडेलमध्ये ते फक्त पुढच्या चाकाला असतं. घेताना विचारून घ्या.

पासिंग कुठलं?

सीमाभागात हा प्रश्न गाडीच्या रंगाच्याही आधी येतो. केए-२२ बेळगाव, केए-२३ चिक्कोडी, म्हणजे निपाणी त्यातच. आणि तासाभरावर एमएच-०९, कोल्हापूर. कर्नाटकात दुचाकीचा आजीवन कर महाराष्ट्रापेक्षा जास्त आहे. त्यामुळे 'कागलच्या पत्त्यावर घे की, आत्या आहे ना' हा सल्ला मला निदान सहा जणांनी दिला. वाचणारी रक्कम दहा-पंधरा हजारांच्या घरात होती, म्हणजे अगदीच दुर्लक्ष करण्यासारखी नव्हती.

पण कायदा स्पष्ट आहे. एका राज्यात नोंदवलेली गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो, आणि तिथला करही. म्हणजे वाचलेले पैसे उसनेच. शिवाय डिसेंबर २०२२ मध्ये बेळगावजवळ महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकांवर दगड पडले आणि पुण्यात कर्नाटकच्या बसला काळं फासलं गेलं, तेव्हा त्या गाड्या चालवणारी माणसं पाटीवरच्या दोन अक्षरांपुरतीच उरली होती. माझी गाडी दोन्हीकडे जाणार आहे. दोन्हीकडे माझी माणसं आहेत. ती राहते बेळगावात, म्हणून नंबर बेळगावचा, इतकं सरळ ठेवलं.

कराचं आणखी एक सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि त्यावरच्या गाड्यांना ४० टक्के लागू झाला. ३४९ आणि ३९८ सीसी या आकड्यांमधली ही दरी खरेदीच्या वेळी ध्यानात ठेवावी.

शेवटचा निकाल

दिवाळीच्या आधीच्या रविवारी क्लासिक आणि हायनेस या दोन्ही गाड्या निपाणीला दारात उभ्या केल्या. बाबांना दोन्हींच्या मागे बसवून तवंदीपर्यंत नेऊन आणलं. त्यांना कुठली कुठल्या कंपनीची हे सांगितलं नव्हतं, अर्थात टाकीवर लिहिलेलं होतंच. पण मोठं अक्षरही आता त्यांना तिरकं बघावं लागतं.

हायनेसवरून उतरल्यावर म्हणाले, "छान आहे. आवाज कमी." क्लासिकवरून उतरल्यावर काही बोलले नाहीत. पुन्हा चढून बसले. पायटा चाचपला, मागची पट्टी धरून बघितली. मग म्हणाले, "हिच्यावर चढायला गुडघा वाकवावा लागत नाही तेवढा." आई दारातून म्हणाली, "तुमचा गुडघा आणि त्याचे अडीच लाख!"

क्लासिक ३५० घेतली. अलॉय चाकांची, काळ्या रंगाची, दोन्ही चाकांना एबीएस. वजन जास्त आहे हे मान्य करून घेतली. गुडघ्याइतकंच दुसरं कारण म्हणजे ती खोलणारा मिस्त्री वडगावात आहे, निपाणीत आहे आणि गडहिंग्लजलाही आहे. मागे टेकायला पाठ बसवून घेतली. दोन हेल्मेटं घेतली, कारण कर्नाटकात मागच्यालाही सक्ती आहे आणि डोकं दोघांचंही तितकंच मोलाचं. बाबांच्या हेल्मेटला गडद काच लावून घेतली. तपासणीत बाहुल्या मोठ्या करायचं औषध घातलं की परतीच्या उन्हाचा त्यांना त्रास होतो.

खर्च सांगायचा तर ऑफिसचे साधारण १८० किलोमीटर आणि निपाणीच्या चार फेऱ्यांचे ६०० असे महिन्याला ७८० किलोमीटर होतात. लिटरला ३५ धरले तर साधारण २२ लिटर पेट्रोल. परवडतं.

तुमची निवड माझ्यासारखीच व्हावी असं मुळीच नाही. तुम्ही एकटे फिरणारे असाल आणि वीकेंडला घाटच चढणार असाल तर स्पीड किंवा येझदी जास्त आनंद देईल. रोज शहरातच असाल तर हलकी गाडी घ्या. फक्त पैसे भरायच्या आधी एक रविवार काढा, मित्राची गाडी मागा, तुमच्या रोजच्या रस्त्यावर चालवा आणि तुमच्या मागे जे माणूस बसणार आहे त्याला बसवून बघा. बायको असेल, आई असेल, लेक असेल. त्यांना पाच किलोमीटरनंतर उतरवून विचारा, आणि काय म्हणतात ते नीट ऐका.

जानेवारीतली तपासणी झाली. डोळ्यांचा दाब आटोक्यात आहे. परत येताना कागलला आत्याकडे चहा झाला आणि तिथे बाबांनी परस्पर जाहीर केलं की पाऊस ओसरला की आंबोलीला जायचं, हिरण्यकेशीचा उगम बघायला. संकेश्वरच्या पुलावरून आयुष्यभर तिला पाहिलंय, आता सुरुवात कुठे होते तेही बघायचंय म्हणाले. ऑक्टोबरचा पहिला आठवडा धरून ठेवलाय.